जुन्या ट्रक कॅम्परचं सोलर आणि बॅटरी: खरं काम वायरीचं

प्रोपेनचा सिलिंडर भरलेला असूनही पहाटे कुडकुडावं लागतं आणि त्याला कारणीभूत बॅटरी असते, हे मला कॅम्पर घेतल्यावर कळलं. फर्नेस, म्हणजे आतली हवा गरम करणारी गॅसची भट्टी, पेटण्याआधी तिचा पंखा फिरावा लागतो. त्या हवेच्या झोताने आतली एक छोटी पट्टी ढकलली जाऊन स्विच लागला, तरच गॅस सुटतो. बॅटरी मरगळली की पंखा रडतखडत फिरतो, पट्टी जागची हलत नाही आणि फर्नेस ढिम्म. कोलोरॅडोत लेडव्हिलच्या आसपास, ३,१०० मीटर उंचीवर, ऑक्टोबरातल्या रात्री हे परवडत नाही.

आमचा कॅम्पर २००५ सालचा, सेकंडहँड. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली खोलीच ती: केबिनच्या टपावर पलंग, मागे शेगडी, सिंक आणि जेवायचं टेबल. छतावर ८५ वॅटचं एक जुनं पॅनेल, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ॲसिडच्या दोन बॅटऱ्या. नवऱ्याचं मत होतं की चांगली मोठी पॅनेलं टाकली की प्रश्न मिटला.

त्या उन्हाळ्यात बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. महावितरणमधून निवृत्त झाले, पण त्यांच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च. ते म्हणाले, “अगं, आधी लोड काढ. पॅनेलचं मग बघू.”

लोड काढला, म्हणजे दिवसाला किती वीज लागते त्याचा हिशोब केला. फर्नेसचा पंखा साधारण ७ अँपिअर ओढतो. थंडीच्या रात्री तो एकूण पाच तास चालतो असं धरलं तर झाले ३५ अँपिअर-तास. फ्रिज गॅसवर, तरी त्याचं सर्किट थोडं खातंच. पाण्याचा पंप, दिवे, फोन, लॅपटॉप मिळून आणखी २५-३०. म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट. जुन्या बॅटऱ्यांवर मिळून १५० अँपिअर-तास छापलेले होते, पण ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, आणि थंडीत ती आणखी कमी देते. त्यात त्या म्हाताऱ्या. हिशोब तिथेच तुटत होता.

मग बाबांनी विचारलं, गाडी चालू असताना बॅटरी चार्ज होते ना? होते, असं मी म्हटलं, कारण सगळे तसंच समजतात. त्यांनी मीटर मागितला. इंजिन चालू ठेवून ट्रकच्या बॅटरीवर मोजलं तर १४.२ व्होल्ट, कॅम्परच्या बॅटरीवर जेमतेम १३.२. एक व्होल्ट वाटेतच गायब. मध्ये होती ती ट्रेलरच्या सात पिनी प्लगमधून आलेली १० गेजची वायर (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), पुढून मागे सुमारे २५ फूट. जाऊन-येऊन ५० फूट धरले तर तिचा रोध ०.०५ ओहमच्या आसपास भरतो आणि २० अँपिअरला बरोबर एक व्होल्ट पडतो. तासन्‌तास गाडी हाकूनही बॅटरी अर्धवट का राहते, याचं उत्तर मिळालं. छतभर पॅनेलं लावली असती तरी ही वायर तशीच राहिली असती.

बॅटऱ्या लिथियमच्या घ्यायचं ठरलं, आयर्न फॉस्फेटवाल्या, १०० अँपिअर-तासाच्या दोन. (या रसायनावरच्या १९९७ च्या मूळ शोधनिबंधात पहिलं नाव पाढी यांचं, दुसरं नंजुंदस्वामींचं, मग गुडइनफ. लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठीचं नोबेल गुडइनफना मिळालं, २०१९ मध्ये. बाबांना हे सांगितल्यावर ते दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.) जुनी एक बॅटरी २० किलोच्या वर, नवी १२ च्या आसपास. ट्रकवर किती वजन चालतं ते दाराच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि आम्ही त्या आकड्याच्या काठावरच असतो, म्हणून हा फायदा मला क्षमतेइतकाच मोलाचा वाटला.

लिथियमची एक खोड मात्र आहे. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. आत धातूचा थर बसतो आणि सेल कायमचा बिघडतो. बॅटरीतलं सर्किट चार्जिंग बंद करून तिला वाचवतं, पण मग वर ऊन पडूनही खाली काही पोचत नाही. ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिचा कप्पा बाहेर, हवेशीर. लिथियमला ती गरज नाही. आम्ही नव्या बॅटऱ्या आत, टेबलाच्या बाकाखाली घेतल्या. तिथून फर्नेसचा गरम हवेचा पाइप जातो.

ट्रककडून येणारी वायर नवी टाकली: ६ गेज, गाडीच्या सांगाड्याला बांधत, ट्रकच्या बॅटरीपाशी फ्यूज, हौद्याच्या पुढच्या भिंतीशी अँडरसन कनेक्टर. कॅम्पर उतरवायचा असला की तो ओढून काढायचा. त्यापुढे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट घेते आणि ट्रकच्या अल्टरनेटरला दमवते. हा चार्जर तिला ३० च्या वर जाऊ देत नाही आणि व्होल्टेजही तिला हवं तेवढं चढवून देतो.

मी सगळ्यात रमले ते जोडण्यांत. आधीच्या मालकाने बाकामागे काय काय करून ठेवलं होतं! नुसत्या पिळलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी, आणि एक तर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला. बाबा ते बघून फक्त “अरे देवा” म्हणाले आणि कात्री मागितली. जाड केबलच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं कडं, मी हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून बसवायचे आणि बाबा प्रत्येक थिंबल दोन्ही हातांनी ओढून बघायचे. लूज कॉन्टॅक्टने किती ट्रान्सफॉर्मर जळाले, त्याच्या गोष्टी सोबत. पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ क्लास टी फ्यूज बसवला. तो महाग आहे, पण लिथियममध्ये शॉर्ट झालं तर हजारो अँपिअर धावतात आणि स्वस्तातला फ्यूज ते तोडू शकेलच असं नाही.

छतावर २०० वॅटची दोन पॅनेलं. स्क्रू आडव्या लाकडांतच, खाली ब्यूटाइल टेप, वर सीलंट. पॅनेलं सिरीजमध्ये जोडली, कारण छतावरून उतरणारी जुनी १० गेजची वायर बदलायची तर भिंत उघडावी लागली असती. सिरीजमध्ये व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा, म्हणजे वायरीतला तोटा चौथाई. छतावरच्या एसीची सावली एखाद्या पॅनेलवर पडते, ते सोसायचं. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा जुना पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढून वरचं वाया घालवायचा. त्याच्या जागी ते वरचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून देणारा एमपीपीटी आला. कॅम्पग्राउंडच्या विजेवर चालणारा जुना चार्जर मात्र बदलला नाही. तो १३.६ व्होल्ट देतो, लिथियमला तेवढ्यावर हळूहळू जवळपास भरता येतं आणि आम्ही तसल्या ठिकाणी क्वचितच उतरतो.

भिंतीवरचे चार दिवे, बॅटरी ‘फुल’ की ‘लो’ सांगणारे, आता निरुपयोगी. लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ १३.२ च्या आसपासच राहतं, त्यामुळे ते कायम खूश दिसतात. खरा आकडा शंटच्या, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणाऱ्या पट्टीच्या, मॉनिटरवर बघायचा.

सगळा खर्च १,६०० डॉलरच्या घरात गेला. पॅनेलांपेक्षा केबल, फ्यूज आणि चार्जर यांचाच जास्त. आता ट्रक चार तास चालला की साधारण १२० अँपिअर-तास भरतात. डिसेंबरात आमच्या भागात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर येतो, सपाट पॅनेलला निम्मंही मिळत नाही. तेव्हा भिस्त त्या ६ गेजच्या वायरीवरच. दोन-तीन दिवसांनी पाणी भरायला गावात जावं लागतंच, त्या फेरीत बॅटरीचंही भागतं.