पाळणाघराची फी आणि एक पानी अर्ज

पाळणाघरात फी विचारली की आधी मुलाचं वय विचारतात, मग आकडा सांगतात. बाळ जितकं लहान तितका आकडा मोठा, हे मला मागच्या मार्चमध्ये नागपुरात मनीष नगर, बेसा, नरेंद्र नगर असं फिरताना कळलं. अडीच वर्षांच्या मुलाला जिथे ४,५०० रुपये, तिथे माझ्या साडेपाच महिन्यांच्या मुलीला ७,०००. एका साखळीवाल्या डे केअरमध्ये महिना ११,००० आणि वर १२,००० प्रवेश फी, ती परत मिळत नाही. तिथल्या ताईंनी मोबाइलवर सीसीटीव्ही कसा दिसतो ते दाखवलं. मुलांना कोण सांभाळतं ते मात्र मीच विचारल्यावर सांगितलं. आणि बऱ्याच घरगुती पाळणाघरांनी सरळच सांगितलं की मूल चालायला लागलं की या.

माझी २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपत आली होती. मी वर्धा रोडवर खापरीच्या बाजूला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, नवरा सीताबर्डीला नोकरी करतो. सासूबाई चंद्रपूरला, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना सोडून त्या येऊ शकत नाहीत. आई यवतमाळला शाळेत शिकवते, निवृत्तीला वेळ आहे. "आजी नाही का घरी?" हे प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं. आज्या दोन आहेत, दोघींनाही काम आहे.

घरी दिवसभराची बाई ठेवायचा विचारही करून पाहिला. १२ ते १४ हजार मागतात, आणि ती गावाला गेली की आपणही घरी.

शेवटी बेसा रोडच्या आतल्या गल्लीत एक काकू सापडल्या. स्वतःच्या घराचा तळमजला, मदतीला दोन मावश्या. त्यांनी मला आधी संडास-बाथरूम दाखवलं, मग स्वयंपाकघर. "टीव्ही नाही लावत मी. टीव्ही लावला का पोट्टे जेवत नाहीत," म्हणाल्या. फी ऐकून मी जरा घासाघीस केली, तर त्यांनी चिडून नाही, शांतपणे हिशोबच मांडला. "हे पाहा, चालणारे चार-पाच पोट्टे एक मावशी पाहते. तुमची लेक रडली तर तिला कडेवर घेऊन फिरावं लागते. मग बाकीच्यांकडे कोण पाहील? म्हणजे तुमच्या एकटीपायी माझा अर्धा माणूस गेला."

आणि मग उन्हाळा. नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास असतो. काकू एप्रिल ते जून ६०० रुपये जास्तीचे घेतात, एसीचे. मला आधी ते जड वाटलं. पण त्यांनी गेल्या मेचं विजेचं बिल पुढे केलं तेव्हा मी गप्प बसले. कूलरवर भागवता येत नाही का, असं विचारलं तर म्हणाल्या, "कूलरसमोर पोट्टे झोपले का दुसऱ्या दिवशी नाक वाहते. आणि पाऊस लागला का कूलर कामाचाच नाही, नुसतं चिकचिक."

काकूंच्या त्या दोन मावश्यांपैकी एकीला महिन्याला ८,००० मिळतात. तिचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा हिंगण्याला तिच्या आईकडे असतो, कारण काकूंकडे त्याला ठेवायचं तर तिलाही फी आहे, सवलतीची का होईना. माझे ७,००० एकदम कुठे जातात ते मला तिथे दिसलं. काकूंच्या गाठीला पैसा राहत असेल असं मला वाटत नाही. पाळणाघर महाग आहे ते कुणी लुटतंय म्हणून नाही. सांभाळायला माणसं लागतात आणि ती माणसं स्वस्त मिळूनही हिशोब एवढा येतो, म्हणून आहे.

७,००० हा अर्थात फीचा आकडा झाला. त्यात उशिराचे पैसे, नाचणी सत्त्व, डायपरचं वेगळं पाकीट, उन्हाळी ६०० असं मिळवलं की महिन्याला ११ हजारांच्या घरात जातं. माझ्या हातात पगार येतो ३१,०००. जूनमध्ये चुलत सासूबाई आल्या होत्या, त्यांनी तोंडी वजाबाकी केली: "तुझा पगार तर तिथंच जाते. मग काहून एवढी धावपळ करून राहिली?"

ही वजाबाकी सगळे जण करतात आणि सगळे माझ्याच पगारातून करतात. फ्लॅटचा हप्ता दोघांचा, किराणा दोघांचा, गाडीचं पेट्रोल दोघांचं. पाळणाघर तेवढं आईचं. अकाउंट्समध्ये खर्च चुकीच्या खात्यावर टाकला की आम्ही नोंद उलटी करतो. घरीही तेच केलं. दोघांचे मिळून ६९,०००, त्यातून ११. शिवाय माझ्या नोकरीत हातात येणाऱ्या पगाराबरोबर पीएफचा कंपनीचा हिस्सा आहे, आणि ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, मला चार पूर्ण झाली होती. त्या वर्षी नोकरी सोडली असती तर ती रक्कम शून्य. हे चुलत सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं असते का?" आणि चहा मागितला.

पैशापेक्षा वेळेचं गणित अवघड निघालं. ऑफिस साडेसहाला सुटतं, पाळणाघर साडेसहाला बंद होतं. मधे वर्धा रोड. पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला १०० रुपये. कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला दूध पाजण्यासाठी रोजचे दोन ब्रेक आहेत. माझ्या ऑफिसातून बेश्याला जाऊन दूध पाजून परत यायचं तर ब्रेक कुठला पुरणार? मी साहेबांना म्हटलं, ते दोन्ही ब्रेक एकत्र करून मला संध्याकाळी लवकर सोडा. त्यांनी मेलवर होकार दिला. तोंडी होकारावर मी थांबले नाही, कारण तोंडी होकार साहेब बदलले की जातो.

हे ब्रेकचं शोधताना मी प्रसूती लाभ कायदा बसून वाचला. मूळ कायदा १९६१ चा, २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दुरुस्तीत कलम ११ए आलं, ते कुणी सांगत नाही: ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ठरलेल्या अंतरात पाळणाघराची सोय करायची, स्वतःची किंवा सामायिक, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. नेमणुकीच्या वेळी हे लेखी कळवायचं असंही त्यात आहे. माझं नेमणूकपत्र काढून पाहिलं. ड्रेस कोडवर परिच्छेद होता, यावर ओळ नव्हती.

एचआरला फोन केला तर उत्तर तयार होतं: "आपल्याकडे पन्नास महिला नाहीत ना मॅडम." कायद्यात पन्नास महिला असं नाहीच, पन्नास कर्मचारी असं आहे, त्यात पुरुषही आले. आमच्या शाखेचा पगार मीच करते, त्यामुळे डोकी किती हे मला त्यांना विचारायची गरज नव्हती. दीडशेच्या आसपास आहेत. दुसरं उत्तर आलं, जागा नाही. त्याचीही सोय कायद्यात आहे, जागा आपलीच असली पाहिजे असं नाही. तिसरं उत्तर: पुण्याच्या मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. हे मात्र खरं होतं.

मग अर्ज लिहिला. एकच पान. त्यात तक्रार नाही, उन्हाळा नाही, सासऱ्यांचं डायलिसिस नाही. "कंपनीच्या नागपूर शाखेत ५० पेक्षा जास्त कर्मचारी आहेत. कलम ११ए नुसार पाळणाघराची सोय कशी व कधीपासून उपलब्ध होईल, हे लेखी कळवावे." सोय मिळेल का, असं मुद्दामच विचारलं नाही, त्याला "नाही" हे उत्तर देता येतं. कलमाची प्रत जोडली. माझ्याबरोबर आणखी दोघी आयांनी सह्या केल्या आणि एका बाबाने, ज्याची बायको रुग्णालयात परिचारिका आहे आणि शिफ्टमध्ये काम करते. चार सह्या असल्या की अर्ज एका बाईच्या अडचणीचा राहत नाही.

अर्ज पुण्यात फिरला. मधे तान्हा पोळा झाला. त्या दिवशी काकूंचं पाळणाघर बंद, नातवंडं लाकडी बैल घेऊन गल्लीभर. पुण्याच्या मुख्य कार्यालयाला हा सण ठाऊकच नाही, त्यामुळे माझी किरकोळ रजा गेली. मी दर आठवड्याला त्याच मेलवर एक ओळ टाकत राहिले. उत्तर आलं ते असं: कंपनीने प्रतापनगरच्या बाजूच्या एका साखळीवाल्या डे केअरशी करार केला, फीत १० टक्के सूट, आणि दरमहा ५,००० कंपनी देणार.

ऐकायला छान होतं. ११,००० चे ९,९०० झाले, त्यातले ५,००० कंपनीचे, माझे ४,९००. काकूंपेक्षा २,१०० कमी. पण १२,००० प्रवेश फीवर सूट नव्हती, म्हणजे पहिले जवळजवळ सहा महिने ती भरून काढण्यातच गेले असते. शिवाय ते आमच्या घरापासून उलट्या दिशेला. आणि मुलगी आता काकूंकडे रुळली होती, मावशीला पाहून हात पुढे करायची. कायदा सोय करा म्हणतो, ती फुकट असावी की अर्ध्या पैशात, याबद्दल तिथे शब्द नाही. त्यामुळे कंपनीशी इथे भांडायला जागा कमी होती. मी एवढंच म्हटलं की तेच ५,००० पावती पाहून कुठल्याही पाळणाघरासाठी द्या. एचआर म्हणालं, चालेल, पण ते नोंदणीकृत असलं पाहिजे आणि पावती छापील हवी.

काकूंकडे दोन्ही नव्हतं. त्या फी वहीत लिहून घेतात आणि पुढे सही करतात.

एका रविवारी त्यांच्याच ओट्यावर बसून आम्ही उद्यम नोंदणी केली, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. बाहेर याचे दीड-दोन हजार घेणारे बसलेत, त्यांच्याकडे जाऊ नका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर काकूंच्या मुलाचा निघाला, तो हैदराबादला. ओटीपी फोनवर विचारून घेतला. काकूंना एकच धास्ती: "आता मला टॅक्सवाले तर नाही ना धरणार?" सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. पावती पुस्तक छापून आणलं, वर त्यांच्या नातीचं नाव आणि "बाल संगोपन केंद्र". फी ५,००० च्या वर आणि रोख, म्हणून पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं, हेही सांगितलं. पुढच्या महिन्यापासून मी ५,००० मागायला लागले आणि ते पगाराबरोबर येऊ लागले. दुसऱ्या दोन आयांनीही काकूंकडून पावती मागितली, त्यांच्या ऑफिसात दाखवायला.

बाकीच्या वाटा मी पाहिल्या, थोडक्यात सांगते. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. आमच्या भागात तसं केंद्र नव्हतं. आयकराच्या जुन्या पद्धतीत प्लेस्कूल, नर्सरीची शिकवणी फी वजावटीला धरता येते, पाळणाघराची नाही, आणि नव्या पद्धतीत तर काहीच नाही. माझी नणंद केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, तिला पूर्ण नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे. तिच्याशी मी या विषयावर बोलत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. पाळणाघराचं कलम तिथे ६७ आहे, पन्नासचा आकडा तोच, आणि खासगी किंवा संस्थेचं सामायिक पाळणाघर चालेल हे आता स्पष्ट लिहिलंय. आता कुणी अर्ज करणार असेल तर ११ए ऐवजी ६७ लिहावं.

डिसेंबरमध्ये मुलगी १५ महिन्यांची झाली, माझे ब्रेक संपले, आणि नेमकं त्याच वेळी विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. मोर्चे, बंद रस्ते, वर्धा रोडवर गाड्यांची रांग. त्या महिन्यापासून संध्याकाळी नवरा मेट्रोने येऊन मुलीला घेतो. त्यानेही आपल्या ऑफिसात अर्ज दिला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पाळणाघर 'कामगारांच्या मुलांसाठी' आहे, फक्त आयांच्या मुलांसाठी नाही. आणि एक किलोमीटरच्या आतल्या आस्थापनांनी मिळून एकच केलं तरी चालतं. सीताबर्डीत तेवढ्या अंतरात किती ऑफिसं आहेत ते मोजायची गरज नाही. त्याच्या एचआरने अर्ज घेतला, पोच दिली आणि विचारलं, "मॅडमच्या कंपनीत नाही का सोय?"

त्याने 'आहे' असं लिहून कळवलं, आणि खाली आपला प्रश्न परत लिहिला: कशी व कधीपासून. उत्तराची वाट पाहून राहिलो आहोत. काकूंकडे मूल दीड वर्षाचं झालं की फी हजाराने उतरते, तोवर मार्च येईल.