नऊ शून्यं

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला त्या दिवसांत सकाळी दहालाच उन्हाचा चटका बसायला लागतो आणि शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना बेदाण्याचं काम जोरात सुरू असतं. मी मूळची तासगावची, बेदाणा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शेड आणि जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं येतात. इथे मात्र वेलीवरचे घड वाकड्या चाकूने कापतात आणि तिथेच दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागद अंथरून उन्हात वाळत घालतात. मजुरी ट्रेवर, म्हणजे जेवढे कागद भराल तेवढे पैसे. जात थॉमसन सीडलेस, आमची तास-ए-गणेश तिच्यातूनच निघालेली, त्यामुळे इथे आल्यापासून ह्या रानांबद्दल मला परकेपणा असा कधी वाटलाच नाही.

मी इथल्या एका छोट्या कम्युनिटी क्लिनिकमध्ये थेरपिस्ट आहे. पेशंट बहुतेक शेतमजूर, मेक्सिकोहून आलेले, स्पॅनिश बोलणारे. मी स्पॅनिश इथे येऊन शिकले आणि ती बऱ्यापैकी येते असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

तर त्या दिवशी पहिलीच अपॉइंटमेंट एका बाईंची, वय चाळिशीच्या आसपास, मूळ मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या डोंगराळ भागातल्या. चार महिन्यांत तीनदा इमर्जन्सीत जाऊन आलेल्या, छाती भरून येते, हात बधिर होतात, श्वास पुरत नाही, आणि तिन्ही वेळा ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, घरी जा. शेवटच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं, अँक्झायटी आहे का बघा म्हणून.

आमच्याकडे आत यायच्या आधी सगळ्यांना पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन तपासायचा फॉर्म, भरायला देतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, भूक कशी आहे, मन लागतंय का असे, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. दहा किंवा त्याच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा, तिथे एक जरी मार्क पडला तरी त्याच दिवशी बोलायचंच.

ह्या बाईंचा स्कोअर शून्य.

मी तो कागद हातात घेऊन थांबले, कारण बेदाण्याच्या सीझनमध्ये शून्य कुणाचाच येत नाही. पहाटे चारला उठून जाणाऱ्या माणसाला झोपेच्या आणि थकव्याच्या प्रश्नालाच दोन-तीन मार्क पडतात. आणि दुसरं म्हणजे ते नऊ गोल. एकाखाली एक, अगदी सरळ रेषेत, जांभळ्या जेल पेनाने, सगळे सारख्या आकाराचे. चाळिशीच्या मजूर बाईचं ते अक्षर वाटेना.

बाई आत आल्या, बरोबर बारा वर्षांची मुलगी. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, म्हणजे ही दांडी मारून आली होती. मी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली, कशा आहात सिन्योरा, झोप लागते का नीट? त्या म्हणाल्या, सी, म्हणजे हो. रात्री जाग येते का? सी. जेवण जातं? सी. जेवावंसं वाटत नाही असं होतं का? सी. प्रत्येक वेळी तसंच मान हलवून, नम्रपणे, नजर खाली. तीन-चार उलटसुलट प्रश्नांना तेच उत्तर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग मी मुलीला विचारलं, घरी तुम्ही कुठल्या भाषेत बोलता गं? ती हळूच म्हणाली, मिश्तेको. फाइलवर भाषेच्या रकान्यात आमच्याच कुणीतरी स्पॅनिश लिहिलं होतं. मेक्सिकोचे ना, मग स्पॅनिश, इतकं सरळ.

मिश्तेको ही स्पॅनिशची बोलीबिली नाही बरं का, ती स्पॅनिश लोक तिकडे पोचायच्या कितीतरी आधीची वेगळीच भाषा, सुराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ बदलतो. तिच्याही इतक्या बोली की एका डोंगरातल्या माणसाला पलीकडच्या डोंगरातलं कळेलच असं नाही. त्याचाही अनुभव लगेच आला. फोनवरचा दुभाषा मागवला, वीस-पंचवीस मिनिटांनी मिळाला, तो दोन वाक्यं बोलला आणि बाईंनी फोनकडे बघून नाही अशी मान हलवली. गाव वेगळं.

आता आमची प्रोमोतोरा येण्याशिवाय इलाज नव्हता. प्रोमोतोरा म्हणजे साधारण आपल्याकडच्या आशाताई समजा, वस्तीतलीच बाई, वस्तीतच काम करणारी. आमची जी आहे तिला सगळे कोमाद्रे म्हणतात, मीपण. ती ह्याच बाईंच्या भागातली निघाली, पण सकाळी वस्तीत गेली होती, एकपर्यंत येते म्हणाली. बाईंना मी थांबायची विनंती केली. त्यांचा दिवसाचा रोज बुडत होता, हे मला कळत होतं, तरी थांबा म्हटलं.

मधल्या वेळात मी मुलीला बाहेर घेऊन गेले, मशीनमधून चिप्सचं पाकीट काढून दिलं आणि सहज विचारलं, फॉर्म तू भरलास ना? हो. आईला सगळे प्रश्न विचारलेस? ती थोडा वेळ पाकिटाची कड दुमडत बसली. मग इंग्रजीत म्हणाली, आठ विचारले. आई प्रत्येकाला म्हणाली, मला वेड लागलेलं नाही असं लिही. म्हणून मी शून्य लिहिलं. नववा मी वाचला, पण आईला विचारला नाही.

का, असं मी विचारलं नाही. ती स्वतःच म्हणाली, ती काय म्हणेल ते मला ऐकायचं नव्हतं.

मला तिथे बाकावर तिच्या शेजारी बसूनच राहावंसं वाटलं. तिन्ही वेळा इमर्जन्सीत हीच दुभाषी होती. रात्री दोन वाजता छातीवर हात ठेवून तडफडणारी आई, समोर डॉक्टर, आणि मधे ही. अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये, जीवावरचा प्रसंग सोडून, असा फेडरल नियम २०१६ पासून आहे. पण दुभाषा मिळेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो आणि मूल तर समोर उभंच असतं, चटपटीत, तिन्ही भाषा येणारं. आमच्याच वेटिंग रूममध्येही त्या सकाळी तिच्याच हातात फॉर्म गेला होता.

कोमाद्रे आली ती दीड वाजता, घामाने निथळत. मी तिला कागद दिला तर तिने तो पालथा करून टेबलावर ठेवला आणि बाईंशी बोलायला लागली, कुठलं गाव, कुणाची लेक, गावच्या जत्रेला शेवटचं कधी गेलात, तिकडे पाऊस झाला का. (हे तिने मला नंतर सांगितलं, तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं.) वीस मिनिटं हेच. माझी पुढची पेशंट बाहेर येऊन बसली होती आणि माझं सारखं घड्याळाकडे लक्ष जात होतं, पण बाईंचे खांदे खाली आलेले दिसत होते. सकाळपासून मुठी आवळून मांडीवर ठेवलेले हात त्यांनी उघडले. बोटांच्या पेरांवर द्राक्षाच्या रसाचा चिकट थर, त्यावर धूळ बसून काळा झालेला, उजव्या तर्जनीच्या आतल्या बाजूला चाकूचा घट्टा. तो थर साबणाने लगेच जात नाही, आमच्याकडेही सीझनला आईच्या हातांवर असायचा.

मग मी डीएसएम-५ मधल्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या आमच्या पुस्तकातल्या, सांस्कृतिक मुलाखतीतला एक प्रश्न वापरला. २०१३ मध्ये डीएसएमची ही आवृत्ती आली तेव्हा त्यात सोळा प्रश्नांची अशी मुलाखत दिली, ट्रेनिंगमध्ये शिकले होते पण वेळ कुठे असतो म्हणून फारशी वापरायचे नाही. प्रश्न साधा आहे, हा त्रास तुम्ही तुमच्या घरच्या माणसांना कसा सांगाल?

बाई बोलायला लागल्या आणि कोमाद्रे मला एकेक तुकडा स्पॅनिशमध्ये देत गेली. दीड वर्षापूर्वीचा हिवाळा. पहाटेचं दाट धुकं, इथे त्याला तुले फॉग म्हणतात, समोरची दोन पावलं दिसत नाहीत. मजुरांना शेतावर नेणारी व्हॅन उलटली. ह्यांच्या शेजारी बसलेली, त्यांच्याच गावची बाई, जागेवर गेली. ह्यांना खरचटलं फक्त. पण ह्यांचा जीव तिथेच राहिला, त्या रस्त्याच्या कडेला. जे घरी आलं ते नुसतं शरीर. म्हणून छाती रिकामी होते, म्हणून हात आपले वाटत नाहीत. सुस्तो, म्हणजे भीतीने जीव अंगातून निघून जाणं, कोमाद्रे म्हणाली, बाईंनीही तो एक स्पॅनिश शब्द उचलला आणि मान हलवली. अंड्याने उतरवून पाहिलं होतं, अंगावरून कच्चं अंडं फिरवून पाण्याच्या ग्लासात फोडतात, तेवढ्याने जमलं नाही. जिथे भ्यायलं तिथेच जाऊन जिवाला हाक मारावी लागते आणि त्या रस्त्याला जायची त्यांची हिंमत होत नव्हती.

माझी आजी मीठमोहरी उतरवायची, पोर दचकलं की म्हणायची भ्यालंय ते. त्यामुळे मला हे ऐकताना अजिबात विचित्र वाटलं नाही. सुस्तो डीएसएम-५ मध्येही नोंदलेला आहे. आणि माझ्या बाजूने बघितलं तर दीड वर्षं टाळलेला रस्ता, दचकून उठणं, अंग आपलं न वाटणं, ह्याला मी आघातानंतरचा त्रास म्हणेन. दोन्हीकडून उपचार एकाच दिशेला जातो, त्या जागी हळूहळू, सोबतीने परत जायचं.

नववा प्रश्न मात्र मीच विचारला, तोही सरळ शब्दांत. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. कोमाद्रेने तो हळू, जपून सांगितला. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, रात्री झोपताना वाटतं उद्या उठूच नये, ती तिकडे एकटी आहे. स्वतःला काही करायचा विचार? नाही. मुलीकडे बघून रोज उठते. त्यावर त्या रडल्या, आवाज न करता, पदर असता तर तोंडात धरला असता तशा.

चार वाजेपर्यंत आम्ही बसलो. रात्री कोण जवळ असेल, फार वाटलं तर कुणाला हाक मारायची, कोमाद्रेचा नंबर, ९८८ ही आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीची हेल्पलाइन, बहिणीला सांगायचं का, हे सगळं एकेक ठरवून लिहिलं. बाईंना वाचता येत नाही म्हणून कोमाद्रेने तेच तिच्या भाषेत त्यांच्या फोनवर रेकॉर्ड करून दिलं. त्या वर्षीच्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात बाईंच्या वयाच्या, कागदपत्रं नसलेल्या कमी उत्पन्नाच्या माणसांनाही मेडी-कॅल, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, मिळायला लागला होता, पण नाव कुठे गेलं तर मिग्रा, म्हणजे इमिग्रेशनचे पोलीस, येतील ह्या धास्तीने बाईंनी अर्जच केला नव्हता. तो भरायला घेतला. औषधांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. नवीन स्कोअर आला एकोणीस.

त्या रात्री मला झोप लागेना. ह्याच फ्रेस्नो काउंटीतला विल्यम व्हेगा ह्यांचा १९९८ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे, मेक्सिकन वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांचा. आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेले, अमेरिकेत जन्मलेल्यांत ४८.१ टक्के आणि मेक्सिकोहून आलेल्यांत २४.९. म्हणजे जन्माने इथले जास्त आजारी, आलेले कमी, आणि जितकी वर्षं इथे जातील तितकं प्रमाण वाढत जातं. मोठं काम आहे ते, मी स्वतः विद्यार्थ्यांना ते आकडे सांगते. त्याच लोकांवर पुढच्या वर्षी निघालेल्या पेपरात हेही आहे की आजार असूनही उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण बाहेरून आलेल्यांत इथे जन्मलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी. पण त्या मुलाखती स्पॅनिश किंवा इंग्रजीत झाल्या होत्या. मी अंधारात पडून हाच विचार करत होते की माझ्याकडे गेल्या काही वर्षांत असे किती कागद आले असतील, कमी स्कोअरचे, सी सी म्हणणाऱ्या बायकांचे, आणि मी ते बरं आहे म्हणून फाइलला लावले असतील. दुसऱ्या दिवशी मी जुन्या फायली काढायला घेतल्या. ओआहाका, गेरेरो असं गाव लिहिलेल्या आणि भाषा स्पॅनिश लिहिलेल्या. कोमाद्रेने आणि मी मिळून फोन लावायला सुरुवात केली, ते काम अजून चाललंय. रिसेप्शनवरचा प्रश्नही बदलून घेतला, तुम्ही स्पॅनिश बोलता का ह्याऐवजी आता विचारतात, घरी आईशी कुठल्या भाषेत बोलता.

ऑक्टोबरच्या शेवटी, बेदाणा आवरल्यावर, आम्ही त्या रस्त्याला गेलो. त्याआधी सात सेशन झाले होते, पहिले सगळे नुसते त्या रस्त्याबद्दल बोलण्यात, मग गाडीतून लांबून बघण्यात. हाक मारायला वस्तीतली एक म्हातारी आजी आली होती. मी आणि मुलगी गाडीतच थांबलो, काच खाली करून. आजीने जमिनीवर काहीतरी शिंपडलं, बाईंचा शर्ट हातात धरून झटकला आणि त्यांचं नाव घेऊन हाक मारायला लागली, परत परत, चांगल्या मोठ्या आवाजात, बाजूने ट्रक जात होते तरी.

मी मुलीला विचारलं, काय म्हणताहेत त्या? आणि विचारल्यावर माझं मलाच लक्षात आलं, म्हटलं, नको, राहू दे, तू नको सांगूस, मी कोमाद्रेला विचारेन.

ती म्हणाली, नाही, हे सांगते. म्हणतायत, ये, इथे राहू नकोस, घरी चल.