तिसरा कंप्रेसर

उत्तरायण झालं, कमुरता, म्हणजे लग्नाला वर्ज्य महिना, संपला की बडोद्यात लग्नं सुरू होतात आणि आम्हा एसीवाल्यांचे फोनही. दांडिया बाजारजवळच्या एका हॉलचा साडेआठ टनी डक्टेबल एसी हंगामातल्या पहिल्याच लग्नाच्या सकाळी बंद पडला. तीन हिवाळ्यांत गेलेला हा तिसरा स्क्रोल कंप्रेसर; यात दोन गुंडाळी पाती एकमेकांत फिरून गॅस दाबतात.

गच्चीवर कंडेन्सरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटच्या, पंख्यात मांजा अडकलेला. हेल्परने लगेच निकाल दिला, मांज्याने गेला. मांज्याने फार तर पंखा अडकून मशीन ट्रिप होईल. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, मोटरचं वाइंडिंग ठणठणीत. स्टार्ट दिला की नुसतं गुरगुरून ओव्हरलोड उडायचा, म्हणजे जादा करंटने मोटर बंद पडायची. म्हणजे आत शाफ्ट जाम झालेला.

पहिले दोन वॉरंटीत बदलले होते. वॉरंटीचा माल न उघडता परत करायचा, मग कंपनीचा कागद येतो: 'लुब्रिकेशनचा अभाव'. ताप का आला, तर अंग गरम झालं म्हणून. तिसरा वॉरंटीबाहेरचा होता, म्हणून ग्राइंडरने कापला.

ऑइल काळं, पण पातळीला पुरेसं. मग अभाव कसला? या मॉडेलला वेगळा ऑइलपंप नाही. शाफ्टमध्येच तिरकं भोक असतं, मिनिटाला सुमारे २९०० फेऱ्यांच्या जोराने ऑइल त्यातून वर चढतं आणि शाफ्ट ज्यांत फिरतो त्या बुशांना मिळतं. शाफ्टच्या टोकाची एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेली) पिन ज्या बुशमध्ये फिरते, त्याचं टेफ्लॉनचं करडं अस्तर पार गेलेलं, खालचं ब्राँझ चमकत होतं, त्यावर पिन चिकटलेली. दोन्ही स्क्रोल, म्हणजे गुंडाळी पाती, मात्र जवळजवळ कोरे. 'स्क्रोल लिक्विड (द्रव झालेला गॅस) सहन करतो' असं सेल्सवाले छातीठोक सांगतात. स्क्रोलची पाती करतात हो, बुश नाही करत.

बंद मशीनमध्ये गॅस थंड जागा शोधतो. गच्चीवरचा कंप्रेसर रात्री सगळ्यात गार, आणि ऑइलला गॅस पिण्याची सवयच. सकाळी स्टार्ट दिला की प्रेशर एकदम पडतं, ऑइलमधला गॅस उकळतो आणि सगळ्याचा फेस होतो. शाफ्ट मग फेसच वर चढवतो. हे होऊ नये म्हणून बुडाला हिटरचा पट्टा असतो, बंद काळात ऑइल कोमट ठेवायला. हाताने पाहिला: गारढोण. तपासला तर हिटर चांगला, म्हणजे रात्री त्याला सप्लायच नसणार.

खाली येऊन हॉल सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "काका, रात्री मेन स्विच पाडता का?"

"रोज. तुम्हीच तर सांगितलंत! पॅनेलमध्ये पाणी गेलं होतं त्या पावसाळ्यात."

सांगितलं होतं. तेव्हा बोर्ड जळालेलं, मी घाईत होतो, 'हॉल बंद असेल तेव्हा मेन पाडून जात जा' म्हणून निघालो. काकांनी तीन वर्षं एक रात्रही चुकवली नाही. कमुरत्यात तर महिनाभर मेन खाली. हिटर ७० वॉटचा, दहा तासांना पाऊण युनिटही नाही.

मधल्या काळात सर्व्हिसला आम्हीच जायचो, पण दिवसा, मेन चालू असताना. सकाळी मेन टाकण्याआधी मशीनच्या बुडाला हात लावायला काय लागतं? मला सुचलं नाही.

हिटरला आता वेगळी लाइन दिली आहे. हॉलच्या मालकांना, शेठना, दिलेल्या रिपोर्टात 'रात्री हिटरचा सप्लाय बंद राहत होता' एवढंच लिहिलं. कंप्रेसरचं बिल त्यांनी त्याच दिवशी भरलं. काका मला अजून साहेब म्हणतात.