तेलाचं बोट

पेट्रोलचा थेंब आधी मोहरीएवढा होता. मग ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, आणि मी टॉर्च नीट धरेपर्यंत ओघळला. तिसऱ्या सिलिंडरपाशी.

न्यू जर्सीतल्या एडिसनमधली रविवारची दुपार. गॅरेजचं दार सताड उघडं, अग्निशामक हाताशी, आणि माझी 1990 सालची लाल मियाटा बॉनेट वासून उभी. बायको हिला खेळणं म्हणते, आणि ते खोटं नाही. दोन माणसं बसतात. तिसरी भाजीची पिशवी, तीही मांडीवर. दिवे लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर येतात. माझदानं ही गाडी 1989च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा मी सांगलीत बारावीच्या परीक्षेला घाबरून बसलो होतो. म्हणजे आम्ही दोघं साधारण एकाच वेळी मार्गाला लागलो, आणि गुडघे दोघांचेही आताच बोलायला लागलेत.

तर, इंजेक्टर. म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या बारीक तोट्या, प्रत्येक सिलिंडरला एक. उभी असताना गाडी घुटमळायची, म्हणून चारही काढून साफ करून आणले. सोबत नव्या रबरी रिंगांची पुडी. वरची ओ-रिंग पेट्रोलच्या रेलमध्ये, म्हणजे चौघांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत शिरते, खालची जाड बैठक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर टेकते. वरची चुकली तर पेट्रोल बाहेर, खालची चुकली तर हवा आत. पेट्रोल निदान दिसतं, वास तरी मारतं. हवा चोरपावलांनी शिरते आणि इंजिनाला धाप लागते.

मी घाईत रिंगा कोरड्याच घातल्या. रेल दाबली, टक् झालं, बरं वाटलं.

या गाडीत एक सोय मला फार आवडते. बॉनेटखाली तपासणीची एक छोटी डबी असते. तिच्यातली एफपी (पेट्रोलचा पंप) आणि जीएनडी (अर्थिंग) ही दोन घरं वायरीच्या तुकड्यानं जोडायची आणि चावी फिरवायची. इंजिन गप्प, पण मागे टाकीतला पंप गुणगुणायला लागतो. या गाडीच्या टायरात हवा 26 पीएसआय, आणि रेलमधलं पेट्रोल 40च्या आसपास. एवढ्या दाबाला केसाएवढी फट पुरते. चावी बंद केली, दाब उतरवला, रेल परत काढली. तिसऱ्या रिंगेची कड सोलून निघाली होती, कापलेल्या नखासारखी.

नवी रिंग हातात घेतली आणि माझं बोट आपसूक तेलाच्या बाटलीकडे गेलं. ते बोट माझं नव्हतं, अण्णांचं होतं.

आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं आणि सात पितळी स्टोव्ह. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून, पण सुट्टीच्या दिवशी अख्ख्या वाड्याचे स्टोव्हवैद्य. फी एक कप चहा. स्टोव्ह फुरफुरला, पिवळा जळला की म्हणायचे, ‘‘आधी पिन मार.’’ पत्र्याच्या पट्टीला ती बारीक तार, निपलच्या भोकात घालायची. आता वाटतं, इंजेक्टर म्हणजे तरी काय? दाबाखालचं इंधन आणि एक बारीक भोक. फक्त तो दोन-तीन मिलिसेकंदांत उघडून मिटतो आणि त्याला काकडा लावावा लागत नाही.

पण अण्णांचा खरा जीव पंपाच्या वायसरवर. कातड्याची छोटी वाटी. ती सुकली की दट्ट्या हवेत मारल्यासारखा सैल जायचा. अण्णा दट्ट्या बाहेर काढत, वायसरवर खोबरेलाचा एक थेंब सोडत, अंगठ्यानं वाटीची कड हळूहळू फुलवत आणि तिरका धरून, फिरवत फिरवत परत नळीत घालत. ‘‘कोरडं दामटायचं नाही रे, फाटतं.’’ मग दोन पंप मारून कान लावायचे. ‘‘धरला दाब.’’ गल्लीतून ‘ईष्टोऽऽ रिपेरीऽऽ’ ओरडत जाणारा त्यांना मनापासून नापसंत. तो म्हणे वायसर जळक्या ऑइलात बुडवायचा.

समोरच्या घरातली नवी वहिनीही स्टोव्ह घेऊन यायची. पदराला माझ्यासाठी चिंचा बांधलेल्या असायच्या. अण्णांचं काम होईस्तोवर ती आईपाशी बसायची. बोलायची कमी, बसायची जास्त.

त्या वाड्यामुळे असेल, पण रबर-कातड्याच्या बाबतीत मी जरा चक्रमच आहे. घरात कुकरच्या तीन जादा रिंगा आहेत, तारखा लिहिलेल्या. बायको त्या पाहुण्यांना दाखवते.

‘‘अरे, जेवायला येतोयस ना?’’ आतून आवाज आला. ‘‘हात धू. नको, आंघोळच कर.’’

‘‘पाच मिनिटं.’’

चारही रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावलं. तिरके धरून, फिरवत फिरवत इंजेक्टर बसवले. यावेळी टक् झालंच नाही, नुसतेच सरकले. बसल्यावर चिमटीत धरून एकेक फिरवून पाहिला, लोण्यात फिरावा तसा फिरला. रेलचे बोल्ट आवळले. पंप चालू. टिश्यू पेपर चारी ठिकाणी फिरवला. कोरडा.

आता खरं तर उठायला हवं होतं. पण पेट्रोलचा वास नाकात होता.

मी चौथीत असतानाची गोष्ट. वहिनीकडे पहाटे आरडाओरडा झाला. वर्तमानपत्रात तेव्हा आठवड्याआड एक तरी छोटी बातमी असायचीच, ठरलेल्या चार शब्दांची: स्टोव्हचा भडका उडून मृत्यू. पोलीस आले, पंचनामा झाला, सगळ्यांनी तेच चार शब्द सांगितले. अण्णा दिवसभर ओसरीवर बसून होते. रात्री मी झोपलोय असं समजून ते आईला म्हणाले, ‘‘परवाच मी तो उघडला होता गं. वायसर नवा घातला. टाकी पाण्यात बुडवून पाहिली. एक बुडबुडा नव्हता.’’

आई म्हणाली, ‘‘हळू बोला.’’

पोलिसांना ते हे बोलले नाहीत. पुढे कुणाचा स्टोव्हही त्यांनी उघडला नाही.