वर्ग पुन्हा भरले तेव्हा

कोरोनाच्या साथीमुळे बंद असलेले आमच्या शाळेतले लहान मुलांचे वर्ग आज पुन्हा भरले आणि शाळा उघडणे म्हणजे केवळ दाराचे कुलूप काढणे नव्हे, हे पदोपदी जाणवले. अंतर राखण्यासाठी निम्मी मुले एक दिवसाआड बोलवायची आणि उरलेल्यांना त्याच तासाला ऑनलाइन शिकवायचे, म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी दोन वर्ग सांभाळायचे. कोरोनाचा विषाणू प्रामुख्याने हवेतून पसरत असताना खिडक्या उघड्या ठेवण्यापेक्षा बाके पुसण्यावरच अधिक भर दिला जातो, हे मला मनापासून खटकते.

सर्वांत कठीण गेले ते वाचन. मास्कमुळे माझा आवाज दबत असल्याने दुसरीतल्या एका मुलीला 'प' आणि 'ब' यांतला फरक कळेना. अखेरीस तिला स्वतःच्या गळ्यावर बोटे ठेवून दोन्ही उच्चार करायला लावले, तेव्हा 'ब'ची थरथर तिला जाणवली.

युनेस्कोच्या आकडेवारीनुसार एप्रिल २०२० मध्ये जगभरातील १५० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ग बंद होते. त्याच महिन्यात डेन्मार्कने सर्वांत लहान मुलांच्या शाळा आधी उघडल्या. तो क्रम मला योग्य वाटतो, कारण अक्षरओळख पडद्यावरून होणे फार अवघड आहे. घरी वयस्कर माणसे असलेल्या पालकांची आणि सहकाऱ्यांची धास्तीही रास्तच आहे, त्यामुळे उपस्थितीची सक्ती नसावी. येत्या शिक्षकसभेत मी चाचणी परीक्षा पुढे ढकलून सुरुवातीचे आठवडे केवळ वाचन-लेखनासाठी मागणार आहे.