सातवी ओळ

सांगोल्याजवळच्या त्या बागेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गौरी उठून आठवडा झाला होता. दीड एकर भगवा डाळिंब, 14 बाय 10 फुटांवर लावलेला, मृग बहार धरलेला. तिसऱ्या ओळीत एका झाडाची एकच फांदी पिवळी. "सायेब, परवापतुर हिरवीगार हुती," मालक म्हणाले. सगळेच असं म्हणतात, आणि ते खोटं नसतं. मर रोग आतून कधीचा पोखरत असतो, दिसतो तो चार दिवसांत.

दुकानातून 'पांढऱ्या मुळी'च्या तीन बाटल्या येऊन ठिबकमधून गेल्याही होत्या. झाड सुकलं की आमच्याकडं मुळी वाढवायचं औषध विकलं जातं, खोड कुणी बघत नाही. खड्डे भरताना मुरमात तळ्यातला गाळ घातलेला. त्यामुळं पाऊस झाला की बुंध्याशी पाणी तुंबून राहायचं. यावर मी दहा वर्षं बोलतोय, ऐकत कुणी नाही.

उकरलं तर मुळांवर गाठी, म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे बारीक जंत. घाईतला माणूस तिथंच निदान करून मोकळा झाला असता. पण बुंध्यावर वीतभर उंचीला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं होती आणि त्यांच्या तोंडाशी बारीक भुसा. खोडाचा भुंगेरा. फांदी आडवी कापली तर लाकडात तपकिरी-करडे पट्टे, मधून बाहेर चांदणीसारखे फुटलेले.

तरी माझा भरवसा गाजरावर. ताज्या गाजराच्या दोन चकत्या घ्यायच्या, मधे डागाळलेल्या लाकडाचा कपटा, आणि ओलसर डब्यात ठेवून द्यायचं. सेराटोसिस्टिस, म्हणजे मर रोगाची बुरशी, असेल तर साधारण आठवड्यात चकतीवर काळे बारीक ठिपके येतात. भिंगाखाली बघितलं की सुरईसारखं बूड, केसासारखी लांब मान, मानेच्या टोकावर सायीच्या रंगाचा थेंब. तो थेंब म्हणजे बीजाणू. घरचे म्हणतात, फ्रिजमधली गाजरं तुमच्या बुरशीलाच जातात. पण तो थेंब दिसला की निदानाला वकील लागत नाही.

पुढचं केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणं. वाळतं झाड मुळासकट काढून जाळायचं. दोन्ही बाजूंच्या झाडांना लिटरला 2 मिली प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि 2 मिली क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक यांची आळवणी, झाडाला आठ-दहा लिटर. मुळं मुळांना भिडू नयेत म्हणून मधे तीन-चार फूट खोल चर. खोडाला गेरूची पेस्ट. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, त्यानंतर महिन्यानं. हे मी तीनदा बजावलं, कारण बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच दिवशी सोडून पैसे मातीत घालणारे मी पाहिलेत. मालकांनी मात्र सगळं तंतोतंत केलं. असा शेतकरी शंभरात एक.

कार्तिकी वारीच्या गर्दीतून वाट काढत परत गेलो. तिसरी ओळ शाबूत. चौथी, पाचवी, सहावीही. सातव्या ओळीत एक झाड उभं वाळलेलं, फळं जागच्या जागी सुरकुतलेली, आणि शेजारचं पिवळं पडू लागलेलं.

"ह्ये तर तुमी दावलेलं झाड की सायेब," मालक म्हणाले. आरोप नव्हता, ते नुसती आठवण देत होते.

गौरीनंतरच्या त्या दिवशी निरोगी लाकूड कसं असतं ते दाखवायला मी याच झाडाची साल खरवडली होती. चाकू तोच, ज्यानं थोड्या वेळापूर्वी आजारी फांदी कापली होती. मधे तो पँटला पुसला, एवढं आठवतं. छाटणीच्या टोळीला हत्यारं हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवायला लावणारा मी, आणि माझ्या पिशवीत ती बाटली नव्हती. आता असते.

भुंगेऱ्याची भोकं या खोडावरही होती. तो उडतो, बुरशी अंगावर घेऊन फिरतो. त्याला मधल्या तीन ओळी ओलांडायला काय लागतं? गाळ इथल्याही खड्ड्यात होताच. छाटणीची कात्री पण साऱ्या बागेत फिरलेली.

गुडघ्यावर बसून साल सोलली. माझी खरवड आणि सगळ्यात जवळचं भोक यांत चार बोटांचं अंतर. डाग दोन्हींना पोचलेला होता.

"काय हाय, सायेब?"

"भुंगेरा," मी म्हणालो.