हात दुखतो म्हणणारं पोर

"ताई, याचं अक्षर बघा किती गिचमिड! रोज पानभर लिहून घेते, पण चार ओळी झाल्या की हात दुखतो म्हणतो. काय करू?" जळगावकडच्या आमच्या बालवाडीत सुटीच्या वेळी आया हेच विचारतात. विचारलंत म्हणून सांगते: आधी ते पान बंद करा.

पेन्सिल बोटांत असली तरी हात तोलून धरतो तो खांदा. मुलांच्या हातात जोर वरून खाली येतो. आधी खांदा, मग कोपर, मनगट, आणि बोटं सगळ्यात शेवटी. मनगटात ८ हाडं असतात, पण जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक भाग असते. त्यांतलं शेवटचं, वाटाण्याएवढं हाड टणक व्हायला लागतं तेच मुळी ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान. मग चार वर्षांच्या पोराकडून रेखीव वेलांट्यांची एवढी घाई कशाला?

त्याला लोंबकळू द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे निंबाला झोके बांधतात. उभ्यानं झोका चढवणारी पोरगी नीट बघा. दोर मुठीत आवळलेला, कोपरं वाकतात, खांदे ताणले जातात, पाठ घट्ट होते. आणि आखाजी सरली की आपण दोर सोडून माळ्यावर टाकतो! राहू द्या ना वर्षभर. झाड नसेल तर तुम्ही त्याचे पाय धरा आणि त्याला हातांवर चालत ओसरीतून दारापर्यंत जाऊ द्या.

बोटांसाठी विकतचं काही नको. भुईमुगाच्या शेंगा फोडायला शेजारी बसवा. एका हातानं शेंग धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टोक दाबायचं, की टचकन उकलते. फक्त चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर दाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. कपाशीच्या बोंडातली सरकी काढणं, पोळ्याचे मातीचे बैल, ओला पंचा पिळणं, हेही चालेल.

लिहायचंच असेल तर भिंतीवर, खडूनं. उभ्या भिंतीवर मनगट आपोआप मागं वळतं. खडू तोडून बोटाच्या पेराएवढा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

पण मूल एकच हात वापरत असेल, दुसरा नुसता लोंबता ठेवत असेल, तर खेळावर भिस्त ठेवू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.